व्हायोलिन जरा कमी पडतंय

बारकी गेले तीन दिवस शहाण्यासारखी जेवत होती, आणि त्यामुळे आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एरवी या मुलीचं जेवण म्हणजे घरातला एक उपद्रवच असायचा. एका हाताने खायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी टेबलावर ताल धरायचा. ताटाच्या कडेला चमचा लावून बघायचा. पेल्याला टिचकी मारायची, मग एक घोट पाणी पिऊन पुन्हा टिचकी मारायची, आणि आवाज बदलला म्हणून एकटीनेच खूश व्हायचं. "जेवताना वाजवू नकोस" हे आईचं वाक्य इतकं जुनं झालं होतं की ते म्हणताना तिचं स्वतःचंही लक्ष नसायचं. आणि आता पोरगी मान खाली घालून जेवत होती, ताट चाटूनपुसून स्वच्छ करत होती, वर उठताना "छान झालं होतं" असंही म्हणत होती. हे शेवटचं ऐकलं की आई आमटी पुन्हा चाखून बघायची.

कारण काय ते आईला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी कुणी एक गृहस्थ येणार होते आणि बारकीचा माइक, त्याला जोडायचं यंत्र, हेडफोन, झालंच तर स्टँडसुद्धा घेऊन जाणार होते. बारकीने सगळं विकायला काढलं होतं. "नाही जमत मला, आई. ज्याला जमतं त्याच्याकडे जाऊ दे," एवढंच ती म्हणाली होती, आणि तेही न रडता. रडली असती तर आईने समजूत काढली असती. समजूत काढण्यात तिचा हातखंडा होता. पण कोरड्या डोळ्यांच्या माणसाची समजूत कशी काढायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बारकी हे नाव ती खरंच बारकी होती तेव्हाचं. आता ती घरात सगळ्यांत उंच होती आणि माळ्यावरचे डबे टाचा न उचलता काढायची, पण नाव काही वाढलं नाही. कानाच्या दवाखान्यात ती ऐकण्याची मशिनं बसवायची. कुणाला किती ऐकू येतं ते तपासायचं, त्या बेताने मशीन जुळवायचं, आणि मग महिनाभर त्या माणसाच्या तक्रारी ऐकायच्या. कागद फार चुरचुरतो, नळ फार गळतो, आणि जावई बोलतो ते आता कळतं, तेवढं परत बंद करता येईल का. दिवसभर अशा लोकांशी बोलून तिला एक सवय जडली होती. समोरच्याच्या चेहऱ्यासमोर चेहरा न्यायचा, खणखणीत बोलायचं, एकेक शब्द सुटा करायचा, तोंडावर हात येऊ द्यायचा नाही. घरीही ती तशीच बोलायची. "आई. मीठ. इकडे. दे." नवख्याला वाटायचं, मायलेकींचं काहीतरी बिनसलंय.

संध्याकाळी घरी आली की मात्र ती मागच्या खोलीत शिरायची. पूर्वी तिथं इस्त्रीचं टेबल आणि जादाच्या गाद्या असायच्या. गाद्या अजूनही होत्या, फक्त आता त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. खिडकीवर घरातली सगळ्यांत जाड रजई ठोकलेली होती. माइक कपड्यांच्या कपाटाच्या उघड्या दारात, कारण आईच्या कोटांमध्ये शिरलेला आवाज परत बाहेर येत नाही, तिथंच विरतो, असं बारकीचं म्हणणं होतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, फ्रिज बंद, आणि घरातल्यांनी चपला काढून चालायचं. फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण कुणालाच राहायची नाही. या घराने कलेची जी काही सेवा केली होती ती मुख्यतः दूध नासवून.

गाण्याचं मंडळ तिघांचं होतं. गिटार बारकीची. व्हायोलिन वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंचं. गायचा बँकेतला कॅशिअर, जो नोटा मोजताना ओठ हलवायचा तेव्हा गाणंच म्हणत असायचा अशी गिऱ्हाइकांना शंका होती. वाद्यं साधीच, लाकडाची आणि तारांची, विजेवर चालणारं काही नाही. तिघं एकदम कपाटासमोर मावत नसत, म्हणून एकेकाने येऊन आपापला भाग वाजवून जायचा, आणि मग बारकी ते तीन ट्रॅक कॉम्प्युटरवर एकत्र करायची.

खरं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. त्याला ती ईक्यू म्हणायची. आईला एकदा तिने ते समजावून सांगितलं होतं.

"हे बघ, कुठल्याही आवाजाला तळ असतो, मधला भाग असतो, आणि वरचा, बारीक भाग असतो. गिटारचं पोट घुमतं तो तळ. व्हायोलिनवर गज घासतो ती खरखर वरची. गाणाऱ्याचा स आणि श वरचा. आता तिघं एकाच जागी गर्दी करायला लागले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून एकेकाला घ्यायचं, त्याचा एखादा भाग थोडा कमी करायचा, एखादा थोडा वाढवायचा."

"म्हणजे बाकावर जरा सरकून घ्या म्हणतात तसं."

"तसंच. पण कुणी किती सरकायचं ते कानाने ठरवायचं. सगळी गोम तिथंच आहे."

पडद्यावर प्रत्येकाची एक आडवी रेघ असायची. डावीकडे तळ, उजवीकडे वरचा भाग. वाढवलं की रेघ त्या जागी चढायची, कमी केलं की उतरायची. आईला ते बघायला आवडायचं. ऐकायला मात्र, खरं सांगायचं तर, तितकंसं नाही. अलीकडे बारकीने तयार केलेलं गाणं लागलं की आईच्या दाढा शिवशिवायच्या. पण कॉलेजात तिचा विषय इतिहास होता. हल्ली असंच करत असतील, असं म्हणून ती "वा" म्हणायची आणि जबडा चोळत स्वयंपाकघरात जायची.

शिवाय ठरवणारा कान तिचा नव्हताच. तो बाबांचा होता.

बाबांचा कान ही या घराची इस्टेट होती. उभा जन्म त्यांनी छापखान्यात काढला. मशीन चालू असताना नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, तिसरा रूळ कोरडा पडलाय, तेल घाला. बारकी लहानपणी गिटार शिकत होती तेव्हा न्हाणीघरातून ओरडून सांगायचे, वरून दुसरी तार उतरली आहे. पाहुणे आले की इतर घरांत अल्बम दाखवतात, इथं बाबांच्या कानाच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. आता ते निवृत्त झाले होते आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यांनी आणलेली भाजी आईला पसंत पडत नसे. बिलं बारकी फोनवरून भरून टाकायची. पण रविवारी सकाळी मागच्या खोलीतून हाक यायची, "बाबा, जरा ऐकता का?" आणि बाबा शर्टाची वरची गुंडी लावून आत जायचे.

खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, एक बोट वर करायचे. गाणं संपेपर्यंत बोट वर. मग बोट खाली येई, आणि निकाल लागे.

"छान आहे. व्हायोलिन जरा कमी पडतंय."

बारकी व्हायोलिनची वरची बाजू चढवायची.

"आता व्हायोलिन आलं. पण गाण्याचे शब्द पुसट झाले."

कॅशिअरची वरची बाजू चढायची.

"शब्द आले. गिटारला चमक नाही. पोटातून बोलतेय नुसती."

मग गिटारचं पोट कापलं जायचं आणि चमक चढवली जायची. "आता कसं," बाबा म्हणायचे, आणि जरा थांबून, "फक्त व्हायोलिन पुन्हा मागे गेलं." फोटो काढताना मागच्याने टाचा उचलल्या म्हणून पुढच्याने उचलाव्यात, आणि शेवटी अख्खं कुटुंब चवड्यांवर उभं असावं, तशी त्या तिन्ही ट्रॅकची गत झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तेव्हा त्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, दिवसभर मी लोकांच्या तोंडात हेच वाजवते. संध्याकाळी तरी नको."

"बाईंचे कान दमलेले असतात," बारकी नंतर म्हणाली.

कॅशिअर कशालाच वाईट म्हणत नसे. "मस्त झालंय," तो म्हणाला. "माझ्या प्रत्येक स बरोबर आमची मांजर दचकते, शेवटी उठून दुसऱ्या खोलीत गेली. पण ती तशीही जाते."

सगळं असंच चाललं असतं, पण वाचनालयातल्या एका कार्यक्रमात रेडिओवरच्या एका बाईंनी या तिघांना ऐकलं. त्यांना गाणं इतकं आवडलं की त्यांनी अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी गाणी मागितली. घरात त्या दिवशी बारकीने पेले, ताटं, टेबल, बाबांची पाठ, जे हाताला लागेल ते वाजवलं. गाणी गेली, आणि चार दिवसांनी बाईंचा फोन आला. बारकीने स्पीकर लावला होता, आनंदाची बातमी सगळ्यांनी मिळून ऐकावी म्हणून.

"गाणी गोड आहेत हो," बाई म्हणाल्या. "पण कानाला टोचतात. वाचनालयात असं नव्हतं वाजत. आमचे तंत्रज्ञ विचारत होते, ही गिटार आहे की चमच्यांचा खण? जरा पुन्हा करून पाठवता का?"

बारकीने पुन्हा केलं. जिवाचं रान केलं. आणि अर्थातच बाबांना ऐकवलं, आणि बाबांनी अर्थातच सांगितलं की व्हायोलिन जरा कमी पडतंय. दुसऱ्यांदा गाणी गेली. बाईंचा आवाज या वेळी फार प्रेमळ होता, आणि तेच वाईट होतं. "पहिलं त्यातल्या त्यात बरं होतं," त्या म्हणाल्या. "बघा, पुढच्या आठवड्यात मिळालं तर अजून घेता येईल."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत बारकीने स्वतःचेच कान तपासून घेतले. घरी येऊन म्हणाली, "कान उत्तम आहेत, आई. म्हणजे बिघाड दोन कानांच्या मध्ये आहे." आणि त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी जेवायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी कॅशिअरने निरोप पाठवला, सामान जायच्या आधी आठवण म्हणून एक गाणं मला नीट करून दे. बारकी बसली. बाबांना हाक गेली. आई पण या वेळी मागोमाग गेली आणि गादीला टेकून उभी राहिली. मुलीला त्या खोलीत शेवटचं बघून घ्यावं, असं काहीसं तिच्या मनात होतं.

बारकी हेडफोन लावून काहीतरी जुळवत होती. बाबांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. "आधी सगळे गप्प बसा," ते म्हणाले. "शांततेशिवाय काही कळत नाही."

सगळे गप्प बसले. आणि बाहेर पॅसेजमध्ये कपडे धुण्याचं मशीन काम संपवून पिंपिं करायला लागलं. ते मशीन असलं हट्टी होतं की कुणी येऊन झाकण उघडेपर्यंत थांबायचं नाही. पिंपिं, पिंपिं. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "अशी शांतता हवी."

आईचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. बारकीच्या कानांवर हेडफोन होते, तिला काहीच कळलं नाही.

त्या मशीनवरून या घरात केवढी युद्धं झाली होती. "तुम्ही शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसता, मशीन जीव तोडून ओरडतं, आणि कपडे तसेच ओले कुबट होतात." "कधी ओरडलं? मी इथंच होतो." "तेच तर म्हणतेय, इथंच होता." आईच्या हिशेबी हा नवऱ्याचा आळस होता, आणि निर्लज्ज आळस होता. आता उभ्या उभ्या तो आळस तिच्या हातून निसटला. इतक्या वर्षांचं हक्काचं भांडण असं अचानक बंद पडल्यावर तिला क्षणभर चुकल्यासारखंच झालं.

तरी खात्री करावी म्हणून गाणं झाल्यावर तिने चहाची किटली ठेवली, ती शिट्टीवाली, आणि बाबांना स्वयंपाकघरात बोलावून समोर बसवलं. किटली किंचाळली. आई हाताची घडी घालून उभी राहिली. वाफेने खिडकी धूसर झाली. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी काठीने जमीन ठोकली, तेव्हा बाबांनी मान वर केली.

"कुणीतरी ठोकतंय वाटतं," ते म्हणाले. "आणि चहाचं काय झालं?"

म्हणजे ठोकणं ऐकू येतं, किटली नाही. जाड आवाज शाबूत, बारीक गायब. इतिहासाच्या विद्यार्थिनीलाही एवढं जुळवता आलं. तिने बारकीला पॅसेजमध्ये गाठलं.

"मी काय म्हणते, एकदा बाबांना न विचारता करून बघ ना ते गाणं."

"का?"

"सहज आपलं. बाबांचं आता वय झालं."

बारकीने चेहऱ्यासमोर चेहरा आणला. "आई. या घरात एकच धड कान आहे. त्यालाही नावं ठेवायची?"

"अगं, त्यांना मी हाका मारमारून..."

"तू भांडी घासत पाठमोरी बोलतेस, नळ चालू ठेवून. माझं तर त्यांना सगळं ऐकू येतं. एक शब्द चुकत नाही."

चुकेल कसा? तू बोलतेस तशी माणसं बोलायला लागली तर तुमचा दवाखाना बंद पडेल, असं आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दारात बाबा उभे होते. बारकीचं खणखणीत बोलणं त्यांना खरंच शब्दन्‌शब्द ऐकू आलं होतं, आणि बक्षीस मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. त्या चेहऱ्यासमोर आईची जीभ रेटेना. ती जाऊन कपडे वाळत घालू लागली.

शुक्रवारी बारकी चष्मा घरी विसरून गेली. एरवी आईने फोन करून चार शब्द सुनावले असते. आज तिने चष्मा पर्समध्ये टाकला आणि दवाखाना गाठला. बारकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक म्हातारे गृहस्थ छातीवर हाताची घडी घालून बसले होते आणि त्यांची बायको मांडीवर पर्स घेऊन.

"माझे कान ठणठणीत आहेत," म्हातारे सांगत होते. "हिला पुटपुटायची सवय आहे."

"असेल," बारकी म्हणाली. "पुष्कळ बायकांना असते."

बायकोने तिच्याकडे असं पाहिलं की बाहेर उभ्या आईलाही झळ लागली.

"तुम्ही काम कुठं केलं, आजोबा?"

"सूतगिरणीत. मागांवर."

"मग ही बघा तुमची गिरणी." बारकीने पडदा त्यांच्याकडे वळवला. एक रेघ डावीकडून सरळ आली होती आणि अर्ध्या वाटेवरून उजवीकडे घसरत खाली गेली होती. "इथपर्यंत तुम्ही तरुण आहात. इथून पुढचं गिरणीने ठेवून घेतलं. जो घरी बसला असता त्याचा कान कोरा करकरीत राहिला असता. असा उतार रोज कामावर जाणाऱ्याचाच असतो."

म्हाताऱ्यांनी हाताची घडी सोडली. चष्मा सावरून रेघ पाहिली. "बराच आहे की," ते म्हणाले, आणि आवाजात चक्क अभिमान होता.

"भरपूर आहे. दांड्या मारल्या नाहीत वाटतं कधी."

"कधीच नाही. विचारा हिला."

"नाही मारल्या हो," बायको म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा मऊ झाला.

बारकीने त्यांच्या कानात मशीन अडकवलं आणि मशीनने कुठं किती वाढवायचं त्याची दुसरी रेघ पडद्यावर काढायला घेतली. पहिली जिथं उतरत होती तिथं ही चढत गेली, उजवीकडे, वर, आणखी वर. म्हातारे एकदम दचकले. "हे काय वाजलं?"

"माझ्या पर्सची चेन," बायको म्हणाली. "रोजच वाजते."

"रोज?" म्हातारे म्हणाले, आणि तिला म्हणाले, "परत उघड बरं."

आई दाराबाहेर चष्मा हातात धरून उभी होती. ती चढणारी रेघ तिने पाहिली होती. घरी, मागच्या खोलीत, एकदा नव्हे, गिटारला, व्हायोलिनला, कॅशिअरच्या गळ्याला, तिन्ही ठिकाणी हीच. बारकीने गाणी बिघडवली नव्हती. तिने ती बाबांच्या कानांना बसवली होती, आणि न तपासता, नुसतं त्यांच्या बोलण्यावरून, माप घेतल्यासारखी बसवली होती. जगातल्या एकाच माणसाला ती गाणी जशी वाजायला हवीत तशी वाजत होती. बाकीच्यांच्या दाढा शिवशिवत होत्या त्याला तिचा इलाज नव्हता. ही पोरगी म्हणे मला जमत नाही. आणि उद्या संध्याकाळी सामान विकणार.

तिला वाटलं, आत्ता आत जावं आणि सांगून टाकावं. पण कान बाबांचा होता. त्यांच्या पाठीमागे तो असा उघडा पाडणं तिला बरं वाटेना. चष्मा रिसेप्शनवरच्या मुलीकडे देऊन ती घरी आली.

बाबा खिडकीशी बसून कोटाचं बटण लावत होते. आईने खुर्ची ओढली, चेहऱ्यासमोर चेहरा नेला आणि बारकीसारखी सुरुवात केली.

"अहो. तुम्हाला. बारीक आवाज. ऐकू येत नाहीत."

"ओरडतेस कशाला?"

"कारण एरवी तुम्हाला पोचत नाही. काल किटली तुमच्या नाकासमोर किंचाळत होती."

"वाफ पाहिली मी."

"वाफ पाहिलीत. शिट्टी ऐकलीत का?"

बाबांनी सुई बटणाच्या भोकातून काढली आणि पुन्हा त्याच भोकातून घातली. "त्या किटलीची शिट्टी खराब झालीय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला सांगावं. मग म्हटलं उगीच खर्च काढशील."

"आणि मशीन?"

"त्याचाही तो पिंपिंवाला भाग गेलाय. कधीच गेला." ते थांबले. "नाही गेला?"

"नाही."

त्यांनी सुई कोटात खोचून ठेवली. मग म्हणाले, "पण मी खोटं नाही बोललो गं. एकदाही नाही. मला व्हायोलिन ऐकू येत नव्हतं, म्हणून मी म्हणायचो ऐकू येत नाही. मला वाटायचं, डॉक्टरीणबाई बिचाऱ्या दिवसभराच्या दमलेल्या असतात, हातात जोर उरत नसेल. मी तर मनातल्या मनात त्यांना माफही करायचो."

आईला हसू आवरेना, आणि बाबांनाही थोडं आलं. ते ओसरल्यावर आईने त्यांना सगळं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून: रेडिओच्या बाई कशाला टोचतं म्हणत होत्या, रेघ कुठं चढली होती, आणि उद्या संध्याकाळी कोण येणार आहे.

"बारकी म्हणाली तिला कंटाळा आला," बाबा म्हणाले.

"ती तुम्हाला तसंच सांगणार. मला म्हणाली, जमत नाही."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्या छापखान्यामुळे."

"तेच ते." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तिला सांगायला हवं. पण एकदा का तिला कळलं, की मग मला मागच्या खोलीत कोण बोलावणार? बसा बाबा, पेपर वाचा, असंच होईल ना? चांगली मुलगी आहे. फार जपून म्हणेल. त्याचीच भीती वाटते."

आईने खुर्ची आणखी पुढं ओढली. समजूत काढण्याचा हातखंडा आज काही कामाचा नव्हता. मग तिने त्यांना त्या सूतगिरणीवाल्या म्हाताऱ्यांची हकिगत सांगितली. हाताची घडी घालून आले होते, पुटपुटणारी बायको घेऊन आले होते. बारकीने त्यांना एका शब्दाने म्हातारं केलं नाही. उलट आपला उतार बघून त्यांनाच अभिमान वाटला. "मुलगी म्हणून ती तुम्हाला जपेल," आई म्हणाली. "तिथं ती जपत नाही. तिथं ती काम करते. मी डोळ्यांनी पाहिलं. मशीन कानात बसल्यावर तुम्हाला काय ऐकू येतं आणि किती, ते तिच्याइतकं कुणी जुळवून देणार नाही. मग तुम्ही खोलीत बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

"त्या म्हाताऱ्याचा उतार किती होता?" बाबांनी विचारलं.

"बराच होता."

"गिरणीत होते ना. छापखान्याचा आवाज गिरणीपेक्षा जास्त." ते कोट झटकून उठले, आणि दाराशी जाऊन थांबले. "फोन तूच कर. फोनवर पलीकडची बाई पुटपुटते."

आईने फोन हातात घेतला आणि बारकीच्या नावावर बोट नेलं. मग थांबली. बारकीला लावला तर बारकी आधी गप्प होईल, मग म्हणेल, "राहू दे आई, बाबांना कशाला त्रास," आणि रात्री पुन्हा ताट स्वच्छ करून उठेल. शिवाय सांगून तिला पटायचं नाही; तिला ती रेघ स्वतःच्या हाताने निघालेली दिसायला हवी. घरातल्या माणसांनी घरातल्या माणसाला सांगायची ही गोष्टच नव्हती.

तिने बारकीचं नाव सोडून दवाखान्याचा नंबर शोधला. कान तपासायचे आहेत, असं सांगायचं. नाव सांगायचं, वय सांगायचं, धंदा विचारला तर छापखाना. तपासणारी आमची कोण लागते ते नाही सांगायचं. आणि वेळ उद्या सकाळचीच मागायची, पहिली, गर्दी असली तरी. नाही म्हणाले तर सोडायचं नाही.

तिने घसा साफ केला, खिडकी लावून घेतली आणि नंबर लावला.